पाठमोरी गुढी

“…पण एकटीनं गुढी उभारायची, ती कोणासाठी?”

केतकीनं हे विचारलं तेव्हा माताजींच्या लाटण्याखाली पोळी होती. त्यांनी ती उलटून पुन्हा लाटली.

नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरच्या पोळ्या लाटता लाटता माताजी, म्हणजे जोगिंदरकौर, म्हाताऱ्या झाल्या होत्या. लोक त्यांच्याकडे चार शब्द मागायला येत. त्या पुढ्यात कणकेचा गोळा ठेवत. होळीनंतरच्या होला महल्ला उत्सवाच्या गर्दीत केतकी त्यांना पंगतीत एकटीच बसलेली दिसली होती. नवरा त्याच सकाळी आसामात पुलाच्या कामावर गेलेला. लग्नाला दोन महिने. गावात ओळखीचं म्हणावं तर दूधवाला. तिलाही गोळाच मिळाला. तेव्हापासून ती रोज येई.

आज पाडवा. अकराच्या गाडीनं ती बार्शीला, माहेरी निघाली होती. नवरा परतेपर्यंत इथं पाऊल टाकायचं नाही, असं ठरवूनच. माताजींचा निरोप घ्यायला आली होती.

“म्हणजे उभारलीच नाहीस?”

“उभारली. खोलीत.”

“खोलीत…”

“पलंगासमोर. रस्त्यावर मला ओळखतं कोण? निदान मला तरी दिसेल, म्हटलं.”

“मग? दिसली?”

तासभर ती गुढीसमोर बसली होती आणि गुढी तिच्यासमोर. दोघींनाही बोलायला काही सुचलं नव्हतं. हे तिनं सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, की साडीच्या निऱ्या अशा बसल्यात की माहेरी असते तर सगळी आळी बघायला आली असती. सांगताना मान जरा ताठ झाली.

माताजींनी हात पुसले, काठी घेतली.

“चल. बघू दे.”

गल्ली ओलांडली की केतकीचं घर. समोरच्या घरांच्या गॅलऱ्यांतून गुढ्या रस्त्यावर कलल्या होत्या. पण दाराशी येऊन माताजी जिन्याकडे बघत थांबल्या. दोन मजले त्यांच्या गुडघ्यांना झेपणारे नव्हते. तू वर जा, मी इथूनच बघते, म्हणाल्या आणि भर रस्त्यात मान वर करून उभ्या राहिल्या. एक रिक्षावाला कुरकुरत त्यांना वळसा घालून गेला.

केतकीचा निरुपाय झाला. तिनं गुढी खोलीतून उचलली, गॅलरीत आणली, कठड्याबाहेर कलती करून सुतळीनं घट्ट बांधली. साडीचे जरीचे काठ वाऱ्यावर हलले. कडुनिंबाची दोन पानं खाली गेली.

माताजी बघत राहिल्या… बराच वेळ.

“छान आहे गं.”

“तुम्हाला दिसते छान.” केतकी कठड्यावरून वाकली. “मला आता इथून नुसता बांबू दिसतो, माताजी. बांबू आणि सुतळी.”

माताजींनी डोळ्यांवर हाताची सावली धरली.

“मग समोरच्यांची बघ की.”