चुन्याची वेगळी खेप

फार जुनी गोष्ट आहे. नद्यांवर पूल बांधायचं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं, तेव्हाची. लहानांनी कान देऊन ऐकावी आणि मोठ्यांनी ऐकत नसल्याचं सोंग करत ऐकावी, अशी.

एका राज्यात एक चुनेवाला होता. डोंगरातल्या भट्टीत चुनखडी भाजायची, कळीचा चुना गोण्यांत भरायचा, बैलांच्या पाठीवर लादायचा आणि गावोगाव पोचवायचा, हे त्याचं काम. कळीचा चुना दिसायला अगदी गरीब, नुसती पांढरी ढेकळं. पण त्याला पाणी लागलं की तो तापतो, फसफसतो, उकळायला लागतो. अंगावर उडाला तर कातडी सोलून काढतो.

म्हणून त्या राज्यात एक रीत होती. चुन्याच्या बैलाच्या शिंगांना पांढरं फडकं बांधायचं, म्हणजे लांबूनच लोकांना कळे. नदी ओलांडायची तर चुन्याची खेप वेगळी आणि सगळ्यांच्या शेवटी. नावेच्या तळाला जाड फळ्या मांडायच्या, वर गोण्या ठेवायच्या आणि प्रवासी एकही घ्यायचा नाही. आमच्या चुनेवाल्याने वीस वर्षं ही रीत पाळली. कुरकुरत का होईना, पण पाळली.

त्या दिवशी मात्र त्याच्याबरोबर त्याची लेक होती. पहिलटकरीण. दिवस भरत आले होते आणि बाळंतपणासाठी तो तिला माहेरी घेऊन चालला होता. वाटेत चुन्याच्या चार गोण्याही पोचवायच्या होत्या. एका फेरीत दोन कामं होतील, असा त्याचा हिशेब.

नदीवर पोचले तेव्हा ऊन रणरणत होतं. काठावर सावलीला झाड नाही. लेकीचे पाय सुजले होते, ओठ सुकले होते. नाव सुटायच्या बेतात होती, आणि चुन्याची खेप लागायची ती दिवस कलल्यावर. लेकीला एकटीला पुढे धाडता आलं असतं. पण अशा अवस्थेत पोरीला परक्या काठावर बसवून ठेवायचं त्याच्या जिवावर आलं.

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि बैलांच्या शिंगांवरची फडकी सोडून कमरेला खोचली.

"गोण्यांत काय आहे, मामा?" नावाड्याने विचारलं.

"माती. शाडूची." विचार करायच्या आधीच शब्द तोंडातून निसटले.

"मग काय, टाका कुठेही!" असं म्हणत नावाड्याने स्वतःच त्या गोण्या उचलल्या आणि नावेच्या तळाला ठेवल्या. तळाला बोटभर पाणी होतं. नावेत ते नेहमीच असतं. वर तो भला माणूस म्हणाला, "ताई, तू गोण्यांना टेकून बस. तेवढाच पाठीला आधार."

लेक बसली.

नाव सुटली. बैल मागून पोहत येत होते. आठ-दहा माणसं गप्पांत रंगली होती, आणि एकटा चुनेवाला तळाच्या पाण्याकडे पाहत होता. नावाड्याने बांबू रेटला की पाणी गोण्यांकडे सरके. नाव सावरली की मागे येई. पुन्हा सरके. त्याने तांब्या घेतला आणि पाणी उपसायला लागला.

"अहो मामा, इतकं काय घाबरता? आम्ही काय पहिल्यांदा बसलोय नावेत?" एक बाई हसून म्हणाली.

तोही हसला. पण हातातला तांब्या थांबला नाही. आता सांगावं का? सांगितलं तर भर पात्रात माणसं उठतील, नाव कलंडेल. आणि खोटं बोललो म्हणून तोंडावर थुंकतील ते वेगळंच. अर्धी नदी तर झाली, त्याने मनाला समजावलं. आणखी अर्धीच राहिली. देवा, तेवढी निभावून ने.

तेवढ्यात लेक म्हणाली, "आबा, पाठीला किती छान ऊब लागतेय."

चुनेवाल्याने तांब्या टाकला. "ऊठ तिथून!"

"आत्ता कुठे बरं वाटतंय, आणि तुम्ही..."

त्याने तिला दंडाला धरून ओढलंच. खालची गोणी फुगली होती. तिच्या शिवणीतून वाफ निघत होती.

"धूर! धूर!" कुणीतरी ओरडलं.

नावाड्याने तेच केलं जे तुम्ही-आम्ही केलं असतं. बांबू टाकला, बादली नदीत बुडवली आणि भरून गोणीवर ओतली.

"नको! चुना आहे तो!" चुनेवाल्याने टाहो फोडला. पण पाणी बादलीतून सुटलं होतं.

गोणी फाटली. उकळता चुना उसळला तो थेट नावाड्याच्या तोंडावर.

मग एकच कल्लोळ झाला. चुनेवाल्याने घोंगडी हाताला गुंडाळून एकेक गोणी नदीत ढकलली. घोंगडीतूनही त्याचे तळवे भाजले. माणसं जीव घेऊन एका बाजूला धावली, तशी नाव कलली. तेव्हा डोळे मिटलेला नावाडी ओरडला, "कुणी हलू नका! बसा खाली! बांबू द्या माझ्या हातात." आणि नुसत्या सवयीने, तळ चाचपत चाचपत, त्याने नाव काठाला लावली.

काठावर चुनेवाल्याने त्याचे डोळे धुतले. ओंजळीमागून ओंजळ, किती वेळ तरी धुतले. डोळ्यांत गेलेल्या चुन्यावर भरपूर वाहतं पाणी हाच इलाज, हे त्याला ठाऊक होतं. पण उशीर झाला होता.

"मामा," नावाडी म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच चुनेवाल्याला जास्त लागलं. "तुम्ही माती म्हणालात, म्हणून मी पाणी टाकलं."

चुनेवाला त्याच्या डोळ्यांवर पाणी सोडतच राहिला.

"खरं सांगितलं असतंत तर ही सगळी माणसं उतरली असती आणि पहिली खेप तुमची केली असती मी. दिवस भरलेली लेक आहे बरोबर. एवढं कळतं हो माणसांना."

आजूबाजूच्या लोकांनी माना डोलावल्या. चुनेवाला मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

तिसऱ्या दिवशी लेक सुखरूप बाळंत झाली. घरी पाळणा हलला, पण बारशाला आजोबा नव्हते. ते नदीवर होते, भाजल्या हातांनी नावाड्याची नाव चालवत होते. त्या दिवसापासून शेवटपर्यंत त्यांनी ती चालवली. नावाडी काठावर बसून राही. पैलतीर त्याला पुन्हा कधी दिसला नाही.

तात्पर्य: आपल्या ओझ्यातला धोका जो लपवतो, तो मदतीला धावून येणाऱ्याचाच घात करतो.