पहिल्या रांगेची जागा

मिरजेतल्या एका छापखान्याचे मालक तात्या आगाशे सिनेमाचे भारी शौकीन. संगणकावर पुस्तकांची पानं लावणारी हेमांगी त्यांना लेकीसारखी. म्हणूनच त्यांनी हौसेनं तिच्या टेबलावर भलामोठा, कमानीसारखा वळलेला मॉनिटर आणून बसवला. हेमांगीची मात्र पंचाईत झाली. या टोकापासून त्या टोकापर्यंत बघता बघता तिची मान आखडली. नोकरीच सोडावी, असं मनात येऊ लागलं. पण तात्यांचं मन कसं मोडायचं?

शेवटी ती म्हणाली, "तात्या, मला आपला लहान, सपाट मॉनिटर द्या."

"वेडी की काय! पडदा जितका मोठा, तितकी मजा मोठी," तात्या गरजले.

"खरंय. पण परवा सिनेमाला तुम्ही कुठे बसलात?"

"शेवटच्या रांगेत. पहिल्या रांगेत बसून मान कोण मोडून घेणार?"

"तात्या, माझ्या टेबलाला शेवटची रांगच नाही हो. मी रोज पहिल्या रांगेत बसते."

तात्या पोट धरधरून हसले. संध्याकाळी लहान मॉनिटर घेऊन ते स्वतः आले. सोबत घरून काकूंनी दिलेली तेलाची बाटलीही होती. "मानेला चोळ," एवढंच म्हणाले.