धनेशाच्या ढोलीतली पानं

फार मागची गोष्ट. त्या दिवशी ऊन असं तापलं होतं, की वडाखालची मातीही पायाला चटके देत होती. त्या वडावर धनेश पक्षी राहायचा. रानात कोण कुठं राहतं, ते सगळे त्यालाच विचारायचे.

सशीण धापा टाकत आली. "धनेशदादा, पिल्लाला विंचू चावला! मुंगूसवैद्य कुठं राहतात?"

"ओढ्याकाठी, जांभळाखाली. पळ!"

ती गेली नि रडत परतली. बीळ रिकामं होतं.

"मी कधी चुकत नाही," धनेश म्हणाला.

वडाच्या मुळाशी बसलेले कासवआजोबा सावकाश बोलले, "चुकला नाहीस रे बाबा, पण तुझं उत्तर मागच्या उन्हाळ्यातलं. काठावरची बिळं खेकड्याला ठाऊक. त्याला विचार की!"

धनेश उडाला. खेकडा म्हणाला, "पुरात बीळ बुडालं. मुंगूस टेकडीवर गेला." धनेशानं मुंगसाला गाठलं, त्याची विषावरची मुळी वेळेवर आली, पिल्लू वाचलं.

तेव्हापासून धनेश प्रत्येक पत्त्यासाठी ढोलीत एक हिरवं पान ठेवतो. पान वाळलं, की तो पत्ता विसरतो नि पुन्हा विचारून येतो.

एकदा तो असाच विचारायला निघाला, तेव्हा शेजारची खार म्हणाली, "धनेशभाऊजी, आता कुठं तुम्हाला रान ठाऊक झालं!"