कासाराची सारजा

डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावी लिंबाजी नावाचा कासार राहत असे. बांगडी भरताना त्याच्या हातून कधी कुणाचं मनगट दुखलं नाही, म्हणून पंचक्रोशीतल्या लेकीसुना त्याचीच वाट पाहत. पण घरी त्याला सुख नव्हतं. त्याची एकुलती एक लेक सारजा आठ वर्षांची झाली होती, आणि तिचा राग साऱ्या गावाला ठाऊक होता. मनाविरुद्ध काही झालं, नुसता गलका वाढला, तरी पोर पेटायची. चावायची, दगड भिरकावायची, हाताला लागेल ते फोडायची. शेजारणीची घागर फुटली, कुंभाराच्या नातवाचं कपाळही फुटलं.

कुणी म्हणालं, "लाडानं बिघडली." कुणी म्हणालं, "बाहेरचं काहीतरी आहे." लिंबाजीने नवस केले, ताईत बांधले. शेवटी गावाचं ऐकून त्याने निरगुडीचा फोक आणला. मारताना तो म्हणे, "आता येशील वठणीवर?" मार खाल्ला की सारजा दिवसभर गप्प बसे. लिंबाजीला वाटलं, औषध लागू पडलं.

एके दिवशी फेरी आटोपून तो घरी आला, तर अंगणात सारजा कुत्र्याच्या पिलाला त्याच फोकाने झोडपत होती. आणि अगदी बापाच्या आवाजात विचारत होती, "आता येशील वठणीवर?"

लिंबाजी पुढे धावला. त्याने फोक काढून घेतला, मोडला आणि चुलीत घातला. बायकोला म्हणाला, "सुंदरे, राग आवरायचा कसा हे पोरीला मी शिकवलंच नाही. काढायचा कुणावर, तेवढं शिकवलं."

त्या दिवसापासून तो लेकीला निरखू लागला. राग चढण्याआधी ती आपला कान ओढते, हे त्याच्या ध्यानात आलं. तिचा हात कानाकडे गेला, की असेल ते काम टाकून तो तिला गावाबाहेरच्या माळावर नेई. ती किंचाळे, लाथा झाडी, माती उधळी. तो शेजारी बसून राही. "मी इथंच आहे," एवढंच म्हणे. राग ओसरला, की जिचं नुकसान झालं असेल तिच्या दारी दोघं जात. ज्या घरची घागर फुटली, त्या घरी सारजा नदीवरून पाणी आणून देई, आणि बाप तिच्याबरोबर चाले. लोक हसत. "लेकीचा चाकर झाला," म्हणत. कधी लिंबाजीचाही धीर सुटे, हात शिवशिवे. मग तो दोन्ही हात पाठीमागे धरून उभा राही.

पुढे पाटलाच्या मुलीचं लग्न ठरलं. चुडा भरायला बोलावणं आलं, आणि वर निरोप, "पोरीला घरी खांबाला बांधून ये."

लिंबाजी पाटलाच्या दारात जाऊन उभा राहिला. "माझी लेक म्हणजे दावणीचं जनावर नव्हे, पाटील. चुडा मी भरायचा असेल, तर ती माझ्यासंगं येईल."

पाटील उखडला. पण नवरी मुलगी गोदा म्हणाली, "मला कासारमामांच्याच हातचा चुडा हवा." पाटलाचा नाइलाज झाला.

मांडवात बायकांची दाटी, वाजंत्री, पोरांचा धुडगूस. गोदाच्या हातात निम्मा चुडा भरून झाला होता, तोच एका पोराने मागून सारजाची वेणी ओढली. सारजा गर्रकन वळली. तिने पाण्याने भरलेला पितळी तांब्या उचलला आणि त्याच्या डोक्यावर उगारला. बायका किंचाळल्या. पाटील काठी घेऊन धावला.

"थांबा पाटील!" लिंबाजी म्हणाला. मग लेकीकडे पाहून हळूच बोलला, "सारजा, मी इथंच आहे."

 उगारलेल्या तांब्यातलं पाणी तिच्याच अंगावर सांडत होतं.  सारजाने ओठ आवळले, आणि तांब्या खाली ठेवला. गर्दीतून वाट काढत ती बापापाशी आली. "आबा, राग आलाय. माळावर चला."

आजवर हे तिने स्वतःहून कधी सांगितलं नव्हतं. लिंबाजी लगेच उठला.

"अर्ध्या चुड्यावरून कासार उठला तर अपशकुन होईल!" पाटलीणबाई ओरडल्या.

गोदाने आपला अर्धा भरलेला हात मांडीवर ठेवला. "जा मामा. मी थांबते. लग्नही थांबेल."

माळावर सारजा पोटभर किंचाळली, पोटभर रडली. शेजारी लिंबाजीही रडला, पण आनंदाने.

दोघं परतले तेव्हा गोदा तशीच बसून होती. सारजा आधी त्या पोरापुढे जाऊन उभी राहिली. "मी तुला मारणार होते," ती म्हणाली. "पण नाही मारलं."

लिंबाजी उरलेला चुडा भरायला बसला. पाटलाने काठी कोपऱ्यात ठेवली आणि लिंबाजीच्या शेजारी सारजासाठी स्वतःच्या हाताने पाट मांडला.

सारजाला पुढेही राग येत राहिला. पण त्या संध्याकाळी लेकीला खांद्यावर घेऊन लिंबाजी भर पेठेतून घरी निघाला, तेव्हा गड सर करून आलेला सरदारही इतक्या ऐटीत चालला नसेल.

तात्पर्य: धाकाने मूल गप्प बसतं, पण स्वतःला आवरायला ते शिकतं, ते स्वतःचा हात आवरून त्याच्या शेजारी बसून राहणाऱ्या आईबापाकडूनच.