उरकुड्याचं जातं

एका डोंगराच्या पायथ्याशी उरकुडा नावाचा पाथरवट राहत होता. लेकीच्या लग्नात बापाने स्वतः घडवलेलं जातं द्यायचं, ही त्या पाथरवटांची रीत. मांडवात सगळ्या वऱ्हाडासमोर ते मांडलं जाई. उरकुड्याची एकुलती लेक फुला म्हणजे त्याचा जीव की प्राण.

डोंगर होता ग्रॅनाइटचा. हा दगड फार म्हातारा बरं का. कोट्यवधी वर्षांपूर्वी तो पृथ्वीच्या पोटात तापलेला रस होता. तो इतका सावकाश निवला, की पांढरी गारगोटी, फेल्डस्पार नावाचं गुलाबी खनिज आणि चमचमतं अभ्रक यांचे ठळक खडे त्यात तयार झाले आणि एकमेकांत घट्ट गुंतले. असा दगड फोडायचा तर भोकं पाडून त्यांत लाकडी पाचरी ठोकायच्या, त्यांवर पाणी घालायचं आणि वाट बघायची. लाकूड फुगतं, दगड दुभंगतो.

पण लग्न आलं आठ दिवसांवर. उरकुड्याने सरळ दगडावर विस्तव पेटवला. तापल्यावर प्रत्येक जातीचा खडा आपापल्या परीने फुगला. कातळ फुटला खरा, पण आतली वीण सैल झाली.

जातं देखणं झालं. बायकोने, सगुणाने, मूठभर तांदूळ दळून भाकर केली. दाताखाली कचकच लागली.

"नवं जातं आहे. पहिल्या दळणाला लागतेच," उरकुडा म्हणाला.

सगुणाने आणखी तीनदा दळलं. कचकच काही जाईना.

"उद्या सासूच्या दाताखाली खडा येईल," ती म्हणाली. "मग बोलणी कोण खाईल, तुम्ही की फुला?"

उरकुडा पेचात पडला. सांगावं तर भर मांडवात हसं, न सांगावं तर लेकीला जन्माचे टोमणे.

लग्नाच्या दिवशी जातं मांडलं. वऱ्हाडी वाखाणू लागले. उरकुडा उठला आणि हात जोडून म्हणाला, "विहीणबाई, हे नेऊ नका. घाईत मी दगड भाजला. याच्या पिठात खडे येतात, तुमचे दात दुखतील. चूक माझी आहे, पोरीला बोल लावू नका. महिनाभर द्या, पाचरीने फोडून दुसरं घडवतो."

फुलाचे डोळे भरून आले. विहिणीने तिला जवळ ओढलं.

"दात माझे तसेही चारच उरलेत, व्याही," ती म्हणाली. "पण ज्या घरात दगडाचीही खोट झाकत नाहीत, त्या घरची लेक मी डोळे मिटून नेते."

तात्पर्य: घाईत चूक कुणाचीही होते, ती आपल्या तोंडाने कबूल करणाऱ्यावर लोक निर्धास्त विश्वास टाकतात.