मोठीबाईंनी मेन स्विच खाली ओढला

एकदा एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध बाई राहत. सारा गाव त्यांना मोठीबाई म्हणे. नवऱ्याने टाकलेल्या, मार खाऊन घर सोडलेल्या बायकांचे पुन्हा संसार लावून देणे हे त्यांचे काम. त्यासाठी त्यांनी पुनर्विवाह मंडळ काढले होते. शिक्षण चौथीचे, पण तीनशे बायका त्यांच्या शब्दावर विसंबून होत्या.

या बायकांचे पत्ते म्हणजे साधे पत्ते नव्हेत. कोणाचा नवरा कोयता घेऊन शोधत फिरतो, कोणाचा भाऊ. पत्ता फुटला तर बाई जिवंत राहील याची खात्री कोण देणार? म्हणून मोठीबाईंनी दोन वह्या केल्या होत्या. लाल वहीत बायकांची नावे आणि त्यांची सारी कर्मकहाणी. काळ्या वहीत पत्ते, आणि त्यांच्यापुढे बाईचे नाव नाही, झाडाचे नाव. बकुळ, बिब्बा, हिरडा, करंज. कोणती बाई म्हणजे कोणते झाड, हे फक्त मोठीबाईंच्या डोक्यात. दोन्ही वह्या पत्र्याच्या ट्रंकेत आणि ट्रंकेची किल्ली कनवटीला.

वय झाले तसा त्यांनी कारभार आपल्या शिष्येच्या हाती दिला. शिष्येचे नाव हर्षदा. हुशार, प्रामाणिक, शहरात शिकून आलेली. तिने कचेरीत कम्प्युटर आणला, दाराला लोखंडी शटर लावले, भिंतीवर कॅमेरा बसवला. मग दोन महिने मोठीबाईंसमोर बसून एकेका झाडाची बाई विचारून घेतली आणि दोन्ही वह्या मिळून एकच यादी केली.

"बघा मोठीबाई, नाव टाकलं की पत्ता समोर. किती सोपं झालं."

"सोपं झालं खरं," मोठीबाई म्हणाल्या. "कोणाला?"

हर्षदाला वाटले, म्हातारीला नवे काही रुचत नाही. ती हसली आणि विषय तिथेच राहिला.

पुढे दोन वर्षांनी मासळीबाजारात एक कोळीण मोठीबाईंना कौतुकाने म्हणाली, "तुमच्या मंडळात म्हणं सगल्या बायका डब्यात भरल्यात. नाव घेतलं का पत्ता येतो. तुमच्या कचेरीतली नलूच सांगत होती." मोठीबाईंनी बोंबलांचा वाटा तसाच टोपलीत परत ठेवला आणि घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी त्या ट्रंक घेऊन मंडळात हजर. दाराशी ट्रंक ठेवली, तिच्यावर बसल्या आणि मोड आलेले वाल सोलू लागल्या. हर्षदाने खुर्ची दिली, ती नको. चहा दिला, तो घेतला. काय हवे विचारले तर म्हणाल्या, "काही नको. तुम्ही तुमचं काम करा."

असे तीन दिवस चालले. म्हातारी येते, वाल सोलते, जाते. हर्षदाच्या हाताखाली काम करणारी नलू कुजबुजली, "ताई, मोठीबाईंना घरी करमत नाही वाटतं. नाहीतर वालाचं बिरडं आपल्याला खाऊ घालायचं ठरलंय." हर्षदाने तिला डोळ्याने दटावले, पण तिलाही हसू आले.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास एक माणूस आला. स्वच्छ सदरा, कपाळाला गंध, हातात पेढ्यांचा पुडा. देवीच्या तसबिरीला त्याने वाकून नमस्कार केला. म्हणाला, मी कुंदाचा मावसभाऊ.

कुंदा म्हणजे त्या तीनशेतली एक. नवऱ्याने तिच्यावर रॉकेल ओतले होते, काडी ओढायच्या आत ती मागच्या दाराने पळाली. आता ती दूर कुठेतरी नव्या माणसाबरोबर सुखात होती आणि चकल्या विकत होती.

"माफ करा दादा, पत्ता देता येणार नाही," हर्षदा ठामपणे म्हणाली. तिला नियम पाठ होता.

"पत्ता मागतोय कोण ताई?" त्या माणसाचे डोळे भरून आले. "तुम्ही तो देऊच नका. तिची आई अंथरुणाला खिळली आहे. शेवटचे दोन शब्द बोलली, ते मी या पेनड्राइव्हमध्ये भरून आणलेत. तुम्ही आधी ऐका. योग्य वाटलं तर तुमच्या हातानं तिला पाठवा. नाही वाटलं तर माझं नशीब."

याला नाही कोण म्हणेल? हर्षदाला स्वतःची आई आठवली. तिने हात पुढे केला, पेनड्राइव्ह घेतला आणि कम्प्युटरकडे वळली.

त्याच क्षणी वालाचे ताट खणखणत खाली पडले. मोठीबाई उठल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली ती बाई भिंतीपाशी गेली आणि तिने कचेरीचा मेन स्विच खाली ओढला. पाठोपाठ इन्व्हर्टरचे बटण बंद केले. पंखा थांबला, पडदा काळा झाला.

"मोठीबाई, हे काय केलंत?" हर्षदा ओरडली.

"लाइट गेली," मोठीबाई शांतपणे म्हणाल्या आणि पाहुण्याकडे वळल्या. "दादा, आता काही व्हायचं नाही. तुमची वस्तू आणि तुमचे पेढे घेऊन जा. पुन्हा याल तेव्हा कुंदाच्या आईला घेऊनच या. आम्ही रिक्षाचे पैसे देऊ."

त्या माणसाने हर्षदाच्या हातून पेनड्राइव्ह काढून घेतला आणि तो चालता झाला. पेढे न्यायला मात्र विसरला.

तो गेल्यावर हर्षदा रडकुंडीला आली. "तुम्ही माझा अपमान केलात. मरणाऱ्या बाईचा निरोप होता तो. आणि एवढी काळजी वाटते तर सांगते, या मशीनला पासवर्ड आहे. आम्हा दोघींशिवाय कोणी उघडू शकत नाही. तुम्हीसुद्धा नाही."

मोठीबाई खाली बसल्या आणि सांडलेले वाल वेचू लागल्या. वेचता वेचताच म्हणाल्या, "एकवीरा. पुढे एक नऊ आठ सात."

हर्षदा जागच्या जागी थिजली. नलूच्या हातून फाइल निसटली. जिने जन्मात कम्प्युटरला बोट लावले नव्हते, ती जमिनीवर बसून, ताटात डोळे ठेवून, त्याचे कुलूप उघडत होती. समोर बसलेली बाई आपण रोज पाहतो तीच का, असे हर्षदाला वाटले.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" तिने अगदी हळू विचारले.

"तुम्हीच. तीन दिवस दुसरं काय करत होतात?" मोठीबाई म्हणाल्या. "लग्नाचं काम करणारी माणसं आपण. पहिली पत्रिका कुलदेवीला ठेवतो. पहिलं नाव कुठंही लिहायचं तर तिचंच लिहिणार, हे शेंबडं पोरही सांगेल. काल ही नलू तिकडून ओरडली, ताई, देवीच्या पुढं साल कोणतं ओ? तू इकडून म्हणालीस, बोर्डावरचंच गं. मंडळ काढल्याचं साल बोर्डावर आहे आणि बोर्ड रस्त्यावर आहे, पोरी. आणि तू बटणं दाबतेस तेव्हा तुझे ओठ हलतात. शाळेत पाढे म्हणायची खोड अजून गेली नाही."

हर्षदाने नकळत ओठांवर हात ठेवला.

"मी म्हातारी. मला इतकं कळलं. जो याच कामासाठी घरून निघाला आहे त्याला किती कळत असेल? तू शटर लावलंस. चोर शटरकडं बघतसुद्धा नाही. तो पेढे घेऊन येतो. तुझ्या देवीला नमस्कार करतो. तुझ्यातलं जे चांगलं आहे, तेच हाताशी धरून तो आत शिरतो. अनोळख्यानं दिलेला पेढा तू तोंडात घातला नसतास. मग त्यानं दिलेली वस्तू मशीनच्या तोंडात का घालत होतीस? ती काय असते ते मला माहीत नाही. पण त्याचं लक्ष तुझ्या तोंडाकडं नव्हतं, तुझ्या हाताकडं होतं. ज्याची मावशी मरायला टेकली आहे, तो माणूस असा हाताकडं बघत नाही."

"पण समजा खरंच असेल तर?" हर्षदा म्हणाली. "खरंच तिची आई..."

मोठीबाईंनी कनवटीची किल्ली सोडली आणि तिच्या हातात दिली. "लाल वही काढ. कुंदाचं पान वाच. मोठ्यानं नको, मनात."

हर्षदाने ट्रंक उघडली. वहीला कापराचा वास येत होता. बाळबोध, ठसठशीत अक्षरात तिथे लिहिले होते: कुंदा. आई ही नऊ वर्षांची असताना वारली. मावशी नाही. भाऊ नाही. माहेरचे असे कोणीही नाही.

हेच पान तिने स्वतः कम्प्युटरवर चढवले होते. तीनशे पानांतले एक पान म्हणून. तिने काळी वही उघडली. करंज, बिब्बा, बकुळ. झाडांच्या आड तीनशे बायका उभ्या होत्या आणि इतकी वर्षे कोणालाही दिसल्या नव्हत्या. या वह्यांना आपण अडाण्याचा पसारा म्हणालो होतो, हे तिला आठवले. तिने वाकून मोठीबाईंच्या पायांना हात लावला. मोठीबाईंनी पाय मागे घेतला.

"पाया नंतर पड. आधी ती एक यादी मोड. नावं एकीकडं, पत्ते दुसरीकडं. मशीनमध्येही दोन खोल्या होत असतील की. आणि कुलूप बदल."

त्या संध्याकाळी दिवे पुन्हा लागले तेव्हा हर्षदाने दाराकडे पाठ येणार नाही अशी खुर्ची फिरवली आणि ओठ घट्ट मिटून काम केले. नलूने काही विचारले नाही. पेढ्यांचा पुडा कचऱ्यात गेला.

चार दिवसांनी फोन आला. मी कम्प्युटर कंपनीतून बोलतोय, तुमचा पासवर्ड संपला आहे, जुना सांगा, नवा देतो. आवाज ओळखीचा होता. "कंपनीचा माणूस समोर येऊ दे," हर्षदा म्हणाली आणि फोन ठेवला. मग कुंदाला कळवून तिने तिचे बिऱ्हाड दुसऱ्या गावी हलवले आणि काळ्या वहीत नवे झाड लिहिले.

पुढच्या मंगळवारी मोठीबाई बिरड्याचा डबा घेऊन आल्या. जेवताना सहज म्हणाल्या, "बदललंस ना कुलूप? काय ठेवलंस गं आता?"

हर्षदाने मान वर केली. गुरूने विचारलेले, तेही प्रेमाने. असे विचारल्यावर या मंडळात कोणी आजवर गप्प बसले नव्हते. ती मात्र गप्प बसली.

मोठीबाईंनी तिच्या पानात आणखी एक डाव बिरडे वाढले. ट्रंकेची किल्ली त्यांनी परत मागितली नाही.

वाचून झाले असेल तर उठा आणि आपापले कुलूप बदला. काय ठेवलेत ते मलाही सांगू नका.