डोळ्यांविना बैल

फार फार मागची गोष्ट आहे. लेकरांनो ऐका, आणि लेकरांच्या आजोबांनो, तुम्हीही ऐका. तेव्हा लोकांना वाचता येत नसे. म्हणून दुकानावर नाव लिहीत नसत, चित्राची पाटी टांगत. कुंभाराच्या दारावर मडकं, वैद्याच्या दारावर तुळस, असं.

अशा एका राज्यात राजाची चित्रशाळा होती. तिथे एक चितारी वीस वर्षं राबत होता. हत्ती काढी, मोर काढी, रंग भरी. डोळे मात्र त्याने कधी काढले नाहीत. तशी तिथली रीतच होती. चित्र झालं की भिंतीला टेकवून ठेवायचं. मग थोरले चितारी सावकाश येणार, डोळ्यांचे दोन ठिपके देणार, आणि लोक म्हणणार, थोरल्यांनी काय जिवंत हत्ती काढलाय! याला म्हणतात आयत्या पिठावर रेघोट्या.

वीस वर्षांनी चितारी मनानेच थकला. मरायच्या आधी बाजारात एक तरी पाटी माझी म्हणून बघायचीय, असं तो बायकोला म्हणाला. जा, थोरल्यांना सांगून या, ती म्हणाली.

थोरल्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. दसऱ्यापर्यंत तुझी एक पाटी बाजारात लागली तर तू मोकळा, म्हणाले. नाही लागली तर इथेच परत यायचं, आणि जन्मभर पुन्हा जायचं नाव काढायचं नाही.

चितारी बाजाराच्या टोकाला चिंचेखाली रंग मांडून बसला. लोक येत, आजवर काय काढलंस म्हणून विचारत. तो राजवाड्यावरचा हत्ती दाखवी. लोक हसत. तो तर थोरल्यांचा, म्हणत, आणि पुढे जात. असे किती आठवडे गेले!

दसरा तीन दिवसांवर आला तेव्हा कुठे एक म्हातारा तेली आला. त्याला बाजारातल्या घाण्यावर लावायला आपल्या बैलाची पाटी हवी होती. चिताऱ्याने बैल पाहून घेतला, जीव ओतून दुपारपर्यंत चित्र पुरं केलं, चिंचेमागच्या भिंतीला टेकवलं आणि बसून राहिला. दुसऱ्या दिवशीही बसून राहिला. झालं का, म्हणून भाकरी घेऊन आलेल्या बायकोने दोनदा विचारलं. झालं की, म्हणाला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तेली आला. पाटीकडे बघतच राहिला.

"अहो, याचे डोळे कुठेत?"

चिताऱ्याचा चेहरा पडला. दोन दिवस आपण कुणाची वाट बघत होतो, हे त्याला तेव्हा कळलं. त्याने कुंचला उचलला, पण हात पुढे जाईना.

"मला डोळे येत नाहीत," तो म्हणाला. "उद्या परत जातो मी. दमलो आता."

तेली त्याच्या शेजारी टेकला. तोही दिवसभर राबून आलेला होता.

"घाण्याला जुंपताना बैलाला झापडं बांधतो मी," तो म्हणाला. "हा म्हातारा झाला तेव्हा त्याची कायमची सोडली. तरी मोकळ्या रानात वेडा गोलच फिरायचा. आठवडाभर तसाच. मग एका सकाळी सरळ नदीवर गेला."

चिताऱ्याने कुंचला पुन्हा उचलला. मग त्याने डोळे काढले. राजवाड्यातल्यासारखे मोठे, तेजदार काही आले नाहीत. बारीक आले, अर्धे मिटलेले, थकलेले. त्याला लाज वाटली. तेल्याने मात्र पाटी हातात घेतली आणि त्याचेच डोळे भरून आले.

"हाच माझा बैल," तो म्हणाला.

दसऱ्याला पाटी घाण्यावर लागली. थोरले चितारी मुद्दाम बघायला आले. पाटीपुढे उभे राहिले आणि विचारलं,

"डोळे कुणी काढले?"

"मी," चितारी म्हणाला. मग घरी जाऊन तो भरदुपारी गाढ झोपला. बायकोने त्याला उठवलं नाही.

म्हणून सांगतो, मालक सुटला म्हणून झापडं सुटत नाहीत. ती ज्याची त्यानेच सोडायची असतात.